चौथीच्या ग्रुपमधली काकू

किश्श्यांचं मटकीसारखं असतं. भिजत घालताना मूठभर, मोड आले की फडक्यात मावत नाहीत! माझ्याकडचे हे सगळे किस्से शेजारच्या सुरेखाबाईंच्या चौथीच्या वर्गाचे.

तुम्ही म्हणाल, हिचा चौथीशी काय संबंध? माझी पोरं तर कधीच नोकरीला लागली. पण आमच्या चाळीतल्या पद्माच्या आईकडे साधा बटणांचा फोन. म्हणून पद्माचा गृहपाठ माझ्या मोबाइलवर येतो, आणि मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये! टिंग वाजलं की भाकरी तव्यावर तशीच टाकून पळते.

आमचे हे म्हणाले, "सातवी पास हायस की! परत चौथीला कशाला बसलीस?"

*

एकदा एका पालकानं ग्रुपवर बोकडाचा फोटो टाकला. "विकणे आहे. वजन बावीस किलो." मला वाटलं, आता बाई झापणार!

बाईंनी लिहिलं, "मुलांनो, बावीस किलो म्हणजे किती ग्रॅम? उद्या वहीत लिहून आणा. आणि दादा, इथे फक्त अभ्यास."

पाच मिनिटांनी दादांचा मेसेज आला, "चुकलं बाई. पण गणित सुटंपर्यंत इकू का नको?"

*

मग कुणीतरी "उद्या शाळांना सुट्टी" असं फॉरवर्ड केलं. दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा! बाईंनी तो मेसेज फळ्यावर उतरवून घेतला आणि पोरांनाच शोधायला लावलं. कुणी सांगितलं? कधी? कुठल्या गावाला? निघाला जुना, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला.

त्याच आठवड्यात एका आजोबांचा बाईंना फोन. "बाई, मी म्हनलं कांदा चोळला की टकलावर केस येत्यात, मोबाइलवर आलंय. तर नात इचारतीया, कुणी सांगितलं, कधी, कुटं! आता म्हाताऱ्यानं घरात तोंडच उघडायचं न्हाई व्हय?"

*

आता माझं. हे सांगताना हसू येत नाही.

बाईंना प्रत्येकाचं वाचन ऐकायचं होतं. व्हिडिओ फक्त त्यांनाच पाठवायचा होता. पद्माचा मी काढला. तिच्या घरी तेलुगू, मराठी वाचताना अडखळते. एका शब्दाला तीनदा अडली, मग जीभ बाहेर काढून कपाळावर हात मारला. इतकी गोड दिसली! मी दुधनीच्या बहिणीला पाठवला. तिनं जावेला, जावेनं आणखी कुणाला. चौथ्या दिवशी तो आमच्याच ग्रुपवर, वर हसणारी तोंडं चिकटवून!

बाईंनी तिथल्या तिथे डिलीट केला. पण पोरांनी पाहिला होता. वर्गात जो तो जीभ काढून कपाळावर हात मारायला लागला. पद्मा शाळेत जाईना. आई म्हणाली, "माझ्यासंगं विड्या वळते म्हणतीया. शाळाच नको म्हणती."

मी बाईंकडे गेले. "माझ्यानं झालं हो."

"काकू, मला नका सांगू. तिला सांगा."

*

संध्याकाळी बाई आणि मी पद्माच्या घरी.

"पद्मा, चुकलं गं माझं."

तिचं भिंतीकडे तोंड.

शेवटी मी तिचं पुस्तक उघडलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "घे. आता माझा काढ."

चष्मा घरी राहिलेला. पहिल्याच ओळीला अडले. दुसरीला दोनदा. पद्माच्या आईनं पदर तोंडाला लावला. पद्मा मात्र मोबाइल हलू न देता शूटिंग करत होती.

धडा संपला. बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग पद्मा, टाकायचा का ग्रुपवर?"

पद्मानं मोबाइल छातीशी धरला.

"बाई, आधी काकूंना इचारा की!"