कमिटीच्या फोनमधला पुरावा

गोखिवऱ्याच्या हेमाली राऊत वकील झाल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी मोठमोठे खटले लढणार. लढल्या त्या बहुतेक गळक्या छतांचे आणि पार्किंगचे. आवाज मात्र असा की वसई कोर्टात त्या कुजबुजल्या तरी कॅन्टीनवाल्याला ऐकू जाई.

एका सकाळी शेजारच्या सोसायटीतली यमुना रडत आली. तिच्या सोळा वर्षांच्या आर्यानं पियुष नावाच्या वर्गमित्राला पाठवू नये असा स्वतःचा फोटो पाठवला होता. दोघांचं भांडण झालं आणि त्या दीडशहाण्यानं तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तिथून कोणाच्या तरी पालकांमार्फत तो पोचला यमुनाच्या सोसायटीचे चेअरमन जयराम सावंत यांच्याकडे. त्यांनी 'संस्कार बघा' असं लिहून तो कमिटीला पाठवला आणि मायलेकींना घर सोडायला लावण्यासाठी मीटिंग बोलावली.

हेमालीताई यमुनाला घेऊन मीटिंगला गेल्या.

"फोटो कोणाकोणाकडे आहे?"

"सगळ्यांकडे," जयरामभाऊ छाती फुगवून म्हणाले. "पुरावा आहे, मॅडम."

"छान. मुलगी अल्पवयीन आहे. तो फोटो जवळ ठेवणं गुन्हा, पुढे पाठवणं त्याहून मोठा. पॉक्सो आणि आयटी कायदा, दोन्ही लागतात."

अख्खी कमिटी आपापल्या फोनवर तुटून पडली.

"आता डिलीट केलंत तर पुरावा नष्ट केल्याचं कलम वेगळं!"

बोटं हवेतच थांबली. खजिनदारांनी फोन टेबलावर असा ठेवला, जणू विंचूच.

तिथून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या. अधिकारी कागद चाळत म्हणाले, "पण फोटो काढला मुलीनंच. कायद्यानं बघितलं तर तीही..."

"साहेब, कायदा तिला वाचवायला केलाय. तिला आरोपी केलंत तर मी इथंच बसते. आणि बोलत राहते."

तक्रारीत आर्या पीडित म्हणूनच आली.

पियुष बाल न्याय मंडळापुढे रडला. त्याला समुपदेशनाला पाठवलं. जयरामभाऊंचा फोन जप्त झाला, चेअरमनपदही गेलं आणि मायलेकींना घर सोडायला लावायचा विषयही. जामिनासाठी ते आले कोणाकडे, तर हेमालीताईंकडेच! "तुम्हाला केस माहितीच आहे ना," म्हणाले. ताईंनी चहा पाजून परत पाठवलं.

आर्या मात्र घराबाहेर पडेना. "ताई, चूक माझीच ना?"

"चुकीच्या माणसावर विश्वास टाकलास. त्याला अजून कलम नाही. ऊठ, तोंड धू."

आर्या फिसकन हसली, मग पुन्हा रडली. पुढच्या आठवड्यात कॉलेजला गेली.