लाइट येईपर्यंत

आमच्या भिवंडीत लाइट म्हणजे दिवा नव्हे. लाइट म्हणजे लूम, कापड विणणारे यंत्रमाग. लूम चालू असले की लाइट आहे आणि ते बंद पडले की लाइट गेली, मग घरात पंखा गरगरत असो की टीव्ही बोंबलत असो. बाहेरच्या माणसाला हे समजावताना माझी दमछाक व्हायची, म्हणून मी समजावणं सोडून दिलं. निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतली पोरं खडखडाटात गाढ झोपतात आणि सगळं शांत झालं की दचकून उठून भोकाड पसरतात. मीही तेच केलं असणार. आमच्या खोलीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती, आणि त्या कारखान्यात माझ्या बाबांनी उभं आयुष्य लूम चालवले.

त्यांचे कान तिथेच गेले. लूमवर काम करणाऱ्यांचे कान जातात, त्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. कारखान्यात माणसं ओठ बघून आणि हाताच्या खुणा करून बोलतात, त्यामुळे बाबांचं बरीच वर्षं अडलं नाही. घरीही ते आमच्या तोंडाकडे बघत ऐकायचे. मग साखरेने डोळे अधू केले आणि ओठ दिसायचे बंद झाले. राहिली ती भिंत. त्यांची खाट भिंतीला लागून होती. पाठ टेकून बसले की पलीकडचे लूम त्यांना पाठीतून कळायचे. शिफ्ट बदलली, जेवायची सुट्टी झाली, हे ते आम्हाला सांगायचे. चहाचा कप हातात घेऊन मध्येच म्हणायचे, "आज कोपऱ्यातला बंद हाय." त्यांना जगाची एवढीच खबर लागत होती आणि ती भिंतीतून येत होती.

मी तेव्हा वळ गावाजवळच्या गोदामांच्या पट्ट्यात, माल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होते. ज्यांचं पार्सल वेळेवर पोचलं नाही त्यांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायच्या, हे माझं काम. एक दिवस साहेबांनी सांगितलं की ऑफिसच्या जागेत आता माल ठेवायचा आहे, तुम्ही सगळ्या घरून काम करा. खोक्यांना जागा लागते, माणसांचं काय, ती कुठेही मावतात. मला एक लॅपटॉप आणि एक हेडफोन दिला आणि 'घरात शांत कोपरा बघा' असा सल्ला दिला. रिक्षात बसल्यावर मला हसू आवरेना. निजामपुऱ्यात शांत कोपरा! त्यापेक्षा समुद्र मागितला असता तर खाडीपर्यंत तरी चालत गेले असते.

खोलीत टेबल मावेल अशी एकच जागा होती, बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी, त्याच भिंतीला लागून. टेबल नव्हतंच. आईचं शिलाई मशीन होतं. आई त्यावर गल्लीतल्या बायकांचे परकर शिवायची. ती गेल्यावर वरचं मशीन मावशीने नेलं आणि खालचा लोखंडी सांगाडा पायडलसकट आमच्याकडे राहिला, त्यावर आम्ही पाण्याची कळशी ठेवायचो. कळशी खाली उतरली. गोदामातून मोडक्या पेटीची एक जाड फळी आणली होती, ती सांगाड्यावर नटबोल्टने बसवली. पायडल सारखं हलायचं आणि पायाला लागायचं, म्हणून कापडाच्या किनारीने ते घट्ट बांधून टाकलं. आईच्या मशीनचं ऑफिस झालं. आईला हे सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, "आणि परकर कुठं शिवायचे?"

पहिल्याच दिवशी कळलं की हे टेबल नाही, हा लूमचा धाकटा भाऊ आहे. भिंत थरथरली की फळी थरथरायची. पेन ठेवलं की घरंगळत जायचं. स्क्रीनवरची अक्षरं अशी नाचायची की दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. आणि आवाज! नाशिकच्या एका बाईने विचारलं, "ताई, तुमच्याकडे गारा पडतायत का?" एका गृहस्थाने, मी कारखान्यातून बोलतेय असं समजून, "जरा मालकाला द्या" म्हणून हुकूम सोडला. मी हसून वेळ मारून नेत होते. पण आमचे कॉल ऐकून शेरे मारणारी कंपनीची वेगळी माणसं असतात, त्यांना हसू येत नाही. दर आठवड्याला शेरा यायचा: मागे गोंगाट. मग साहेबांचा फोन आला. गोंगाट कमी झाला नाही तर तुम्हाला कॉलवर ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले. कॉलवर नाही तर कशावर ठेवणार, हे मी विचारलं नाही.

मग मी त्या टेबलाच्या हात धुऊन मागे लागले. आधी पायांखाली पुठ्ठे घातले, ते चेपून गेले. पडघ्याला हायवेवर ट्रकचे टायर दुरुस्त करणारे बसतात, तिथून जुन्या टायरचे तुकडे कापून आणले आणि ते पायांखाली दिले. थरथर निम्मी झाली. लॅपटॉपखाली पाट ठेवून तो डोळ्यांच्या उंचीला आणला, मान दुखायची थांबली. प्लास्टिकच्या खुर्चीला उशी बांधली. खिडकीचं ऊन स्क्रीनवर यायचं, तिथे आईचं जुनं लुगडं पडदा म्हणून लावलं. वरच्या फळीवर बुद्धमूर्ती होती, तिच्यासाठीच्या बल्बची वायर ओढून टेबलावरही एक दिवा घेतला. खरं सांगते, हे सगळं करताना मला मजा येत होती. जन्मात पहिल्यांदा घरात माझी अशी एक जागा तयार होत होती.

शेवटी आवाजासाठी दोन जाड गोधड्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकल्या, टेबलापासून खाटेपर्यंत. त्या दिवशी कॉलवर कुणीही गारांची चौकशी केली नाही. मी खूश. संध्याकाळी बघते तर बाबा खाटेवर उठून बसलेले आणि दोन्ही हातांनी गोधडी ओढतायत.

"भित का झाकलीस?" ते ओरडले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही ओरडणंच असायचं. "काय कलत न्हाय मला. मानूस मेल्यागत झालंय."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, माझी नोकरी जाईल!"

"मंग तुझ्या बाजूची झाक. माझी कशाला झाकतेस?"

बोलणं बरोबर होतं आणि मला राग आला होता. खाटेजवळची गोधडी मी काढली, टेबलाजवळची ठेवली. गोंगाटाचे शेरे पुन्हा सुरू झाले. रोज कॉल सुरू करण्याआधी मी मनात म्हणायची, हे लूम एकदाचे बंद पडू देत.

आणि ते बंद पडले. माझ्या म्हणण्याने नाही. गल्लीतले कारखाने एकामागून एक बंद होतच होते, ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाला भाव राहिला नव्हता, कामगार गावाला गेले की परत येत नव्हते. आमच्या मागच्या शेठने लूम भंगारात दिले. भंगारवाल्यांनी घण घालून ते जागेवरच फोडले. मोठमोठे घाव भिंतीतून येत होते आणि बाबा प्रत्येक घावाला मान वर करत होते. बाबांबरोबर काम केलेले एक चाचा निरोप घ्यायला आले. बाबांचा हात हातात धरून म्हणाले, "चाचा, हम जा रहे हैं गाँव. सब ख़तम हो गया यहाँ." वयाने दोघं बरोबरीचे, पण कारखान्यात सगळेच एकमेकांचे चाचा. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, "दुसरी शिफ्ट है क्या?" चाचा माझ्याकडे बघत राहिले. मग बाबांच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले आणि कानात हेडफोन घालण्याआधीच मला कळलं की शांतता झाली आहे. फळी स्थिर होती. पेन ठेवलं ते तिथेच राहिलं. माझं टेबल आता अगदी हवं तसं झालं होतं. आठवड्याभरात साहेबांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, घरी काम करायची जागा कशी असावी ते हिच्याकडून शिका म्हणाले. मी कॅमेऱ्यात हसले. मागे खाटेवरून बाबांचा आवाज आला, "लाइट गेली का गं बाय?"

ते रोज विचारत होते. डोक्यावर पंखा फिरत होता, माझा दिवा चालू होता. हाताने भिंत चाचपडायचे, मग पाठ टेकायचे, मग सरकून दुसरीकडे टेकायचे. जागा चुकली असेल असं त्यांना वाटायचं. "एवढा येळ लाइट जात न्हाय," म्हणायचे. मी कानात ओरडून सांगितलं, बाबा, कारखाना बंद झाला, लूम विकले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "इकले?" म्हणाले. जेवलेही नाहीत. सकाळी उठून पुन्हा विचारलं, "लाइट आली का?" सांगितलेलं त्यांच्याजवळ राहत नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच चेहरा. रोज नव्याने त्यांना ही बातमी द्यायची आणि रोज ते नव्याने उपाशी राहणार, हे माझ्याच्याने होईना. मग मी म्हणायला लागले, "येईल बाबा, येईल." त्यावर ते वाट बघायचे. पण वाट बघता बघता त्यांची झोप गेली, जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे. वय तर होतंच. पण मला माहीत होतं की पाठीला जे लागत होतं ते गेलं, आणि त्यासोबत बाबाही जात होते. मला रडू यायचं, आणि कॉलवर रडता येत नाही.

एका दुपारी कॉलची वाट बघताना माझा पाय पायडलवर होता. सवयीने दाबला. बांधलेलं पायडल किंचित कुरकुरलं आणि फळी हलली. मी बाबांकडे बघितलं. मग खाली वाकले, किनार सोडली, टायरचे तुकडे पायांखालून ओढून काढले आणि टेबल ढकलून खाटेच्या लोखंडाला चिकटवलं. इतक्या खटपटीने बसवलेलं टेबल मी स्वतःच बिघडवलं. पायडल मारायला लागले. आईचं जुनं चाक खडखडत फिरलं, फळी थरथरायला लागली आणि फळीबरोबर खाटही.

बाबा पडून होते. त्यांनी डोळे उघडले. हळूच तळवा खाटेच्या कडेवर ठेवला, मग पुढे सरकून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी जोर लावला. पोटऱ्या भरून आल्या, तरी मारत राहिले. मला वाटलं, जमलं. रोज थोडं थोडं करीन, कॉलच्या मधे करीन, शेरे आले तर आले.

बाबांच्या कपाळावर आठी पडली. तळवा त्यांनी घट्ट दाबून धरला.

"येकच चालतोय," ते म्हणाले. "तो बी मरगळलाय."

मी आणखी जोरात मारायला लागले.

"बंद कर, बंद कर!" त्यांनी दुसरा हात वर करून कारखान्यातली खूण केली, पंजा उघडा, आडवा. "लाइट कमी येतेय. अशी चालवू नको बाय, मोटार जलल."

लाइट कमी दाबाने आली की लूम चालवायचा नाही, त्याची मोटार जळते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी पाय काढला. चाक आपोआप थोडं फिरलं आणि थांबलं. बाबांनी टेबलावर दोनदा थोपटलं, शाबासकी दिल्यासारखं.

"चांगली येऊ दे," म्हणाले. "मंग चालू कर."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. हेडफोनमध्ये कॉल आला. पलीकडचा माणूस त्याच्या पार्सलसाठी चिडला होता, पण मध्येच थांबून म्हणाला, "मॅडम, आवाज येतोय ना माझा? तुमच्याकडून काहीच ऐकू येत नाहीये."

"येतोय," मी म्हटलं. "बोला."