इनक्युबेटरला हार

पेढा वरनं पडला. माझ्या ओंजळीत. मॅडमची बोटं माझ्या हाताला लागू नयेत, म्हणून चांगला वीतभर वरनं. मी लॅबच्या बाहेर पायरीवर बसलेली. आत उदबत्ती. खंडेनवमी होती. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, इनक्युबेटरला झेंडूचा हार.

हे देऊळ नव्हतं. खालापूरजवळची संशोधन संस्था. तिथं आमी अंडाशयावर काम करतो. अंडं कसं पिकतं, पाळी कशानं येते, कुठं अडते. मी पीएचडी करणारी, मॅडम माझ्या गाईड. या विषयात त्यांचं नाव मोठं. आणि मी बाहेर का? तर मला पाळी आलेली.

हसा. एरवी मीच हसवते. नकला करते मी. मॅडमची तर अशी, की लॅबमधल्या पोरांच्या नाकातनं चहा यायचा. त्या दिवशी तोंडच नडलं. सकाळी मॅडमनी सगळ्या मुलींना विचारलं, "कुणाची अडचण नाही ना?"

मी म्हणले, "मॅडम, माझे अंडाशय एकदम टायमावर. आजच हजर झालेत."

सगळे हसले. मॅडम नाय हसल्या.

"मग तू बाहेर बस."

मला वाटलं, आता त्या कुणाची तरी नक्कल करतायत. पण तो त्यांचाच आवाज होता.

"मॅडम, आज माझं मीडियम बदलायचंय."

ते सांगते. पहाटे कर्जतच्या खाटकाकडनं शेळीचे अंडाशय आणायचे, थर्मासमधल्या कोमट सलाइनमध्ये. त्यातनं सुईनं फॉलिकल सोडवायचे. फॉलिकल म्हंजे अंड्याभोवतीची पिशवी, खसखशीहून बारीक. ते बशीत घालून इनक्युबेटरात वाढवायचे. मीडियम म्हंजे त्यांचं अन्नपाणी. ते एक दिवसाआड बदलायचं. नाय बदललं तर मरतात. माझ्या दोन बॅच आधीच गेलेल्या. ही तिसरी टिकली तर मुदत वाढणार, नायतर पीएचडी संपली.

"मी नको तर दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या."

"पूजेतलं यंत्र दसरा होईपर्यंत उघडत नाहीत." मग आवाज खाली आणून, "तुमच्यात पाळत नसतील. आमच्यात पाळतात."

आमच्यात?

कशेळ्याच्या पुढं आमचं गाव. सातवीपासून दर महिन्याला चार दिवस मी शेळ्यांच्या गोठ्यात झोपले. आई गोधडी लांबनं सरकवायची. शेळ्या माझी गोधडी चावायच्या आणि मी पडल्या पडल्या विचार करायची, माझ्या पोटात असं चाललंय तरी काय, की माझ्या हातचं पाणी पण चालत नाय? कुणी सांगितलं नाय. म्हणून विज्ञान घेतलं. जीप, एसटी, वसतिगृह करत करत या लॅबच्या दारापर्यंत आले. वाटलं होतं, या खोलीत तरी हे कुणी विचारणार नाय.

पेढा खाल्ला का? खाल्ला. त्याची लाज अजून गेली नाय.

दसऱ्याला सुट्टी. एकादशीला हार काढला, दार उघडलं. बशी मायक्रोस्कोपखाली धरली. सगळे काळे पडलेले. एक पण जिवंत नाय. मी परत परत बघत होते. डोळा काचेवरनं हलेना.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "वहीत लिही, संसर्ग झाला. तुझ्या हातून."

प्रयोगाच्या वहीला पानावर नंबर असतात. पान फाडायचं नसतं, खोडायचं नसतं. पहिल्या दिवशी मॅडमनीच शिकवलेलं. मी पेन घेतलं आणि लिहिलं : खंडेनवमी. यंत्राला हार. मला पाळी, म्हणून बाहेर बसवलं. मीडियम बदललं नाही. फॉलिकल मेले.

"हे पान फाड."

"नाय फाडणार."

"मग मुदतवाढीच्या अर्जावर माझी सही विसर."

सही नाय मिळाली. वही घेऊन मी घरी आले. महिनाभर नुसती पडून होते. एक पण नक्कल सुचली नाय. आई रोज म्हणायची, "पाय धर गं त्यांचं. मोठी मानसं हायत ती. आपल्याला जमतंय का भांडायला?"

मग पाळी आली. आईनं गोधडी गोठ्यात नेऊन टाकली. मी गेले, गोधडी उचलली, घरात आणून पसरली.

"अगं, देव हायत इथं!"

"असू दे. मी पण हाय."

आई रडली. अजून धड बोलत नाय माझ्याशी.

सही नसली तरी सोमवारी मुदतीच्या समितीपुढं जायचंय. विचारतील, बॅच का गेली? लॅबमधली पोरं फोनवर सांगतात, "मॅडमची नक्कल कर तिथं, धमाल येईल." नाय करणार. त्यांच्या आवाजामागं लय दिवस लपले. वही उघडणार, ते पान माझ्या आवाजात वाचणार. आणि "तुमच्यात पाळत नसतील" हे पण सांगणार, जसंच्या तसं.

मुदत जाईल बहुतेक. नवीन गाईड कोण देणार, ठाऊक नाय. पुन्हा पहिल्यापासून अर्ज करीन. खाटकाकडं पुन्हा थर्मास घेऊन उभी राहीन. पण पायरीवर नाय बसणार. त्यांच्या नाय, आणि आईच्या पण नाय.