अकरा दोषांची गाडी

गाडी उजवीकडे बसते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. सकाळी दार उघडलं तर दादाची काळी जर्मन सेडान पुढच्या उजव्या चाकावर खचलेली. पंक्चर नव्हतं. त्या गाडीला पुढे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या होत्या आणि त्यातली एक गळत होती. दादा इंजिन सुरू करायचा, कॉम्प्रेसर घरघर करत हवा भरायचा आणि गाडी हळूहळू उभी राहायची. समोरचा किराणावाला शटर वर करता करता रोज विचारायचा, "काय बे, उठली का न्हाय आज?" दादाला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

दादा प्लॉटच्या व्यवहारात मध्यस्थी करतो. "गिऱ्हाईक आधी गाडी बघतंय, मग सातबारा," असं तो म्हणतो. म्हणून त्याने पुण्याहून बारा वर्षांची गाडी आणली. एजंटाने सांगितलं होतं, डॉक्टरांनी वापरलेली आहे. मी म्हणाले, "आजारी गाडी डॉक्टरकडेच असणार की." दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आमचे वडील आयुष्यभर यंत्रमाग कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहीत आले. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांच्या घड्या घालताना. माणसाला खरं साध्या शब्दांत सांगितलं की तो बरोबर वागतो, या एका विश्वासावर वडील जगले. तो मी जसाच्या तसा घेतला. दादाने घेतला नाही. एकाच घरात वाढून हे कसं होतं, मला माहीत नाही.

त्या गाडीकडे बघितलं की मला संताप यायचा. श्रीमंत माणूस असली गाडी पाच वर्षं वापरतो. वॉरंटी संपली, काहीतरी वाजायला लागलं की विकून मोकळा होतो. मग ती उतरत जाते. मुंबईतून पुण्यात, पुण्यातून सोलापुरात, सोलापुरातून तालुक्याच्या गावाला. दर वेळी किंमत कमी होते आणि दुखणं वाढतं. मजा वरच्याने करायची, खर्च खालच्याने भरायचा. आम्ही असल्या व्यवस्थेवर पत्रकं काढली होती, आणि आता ती आमच्याच दारात चाक टेकून उभी होती.

दीड वर्षात सगळं झालं. एप्रिलच्या उन्हात मोहोळच्या अलीकडे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची प्लास्टिकची नळी फुटली. इंजिनाच्या झाकणातून ऑइल झिरपून तापलेल्या नळीवर पडायचं आणि आत जळका वास यायचा. एका खिडकीची काच घसरून दाराच्या पोकळीत पडली, तिथे आम्ही पुठ्ठा लावून फिरलो. साधी बॅटरी बसवली तर समोरच्या पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. बॅटरी बदलल्याचं त्या गाडीला कॉम्प्युटर लावून कळवावं लागतं. कंपनीचं वर्कशॉप पुण्याला, म्हणजे दर वेळी गाडी ट्रकवर चढवा. एका हवेच्या पिशवीच्या पैशात स्कूटर आली असती. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या काळात दोनदा पुढे गेलं. आई म्हणाली, "राहू दे, दिसतंय मला." तिला दिसत नव्हतं.

शेवटी कुर्डुवाडीचा एक मिस्त्री सापडला. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपात होते. त्याने गाडी वर घेतली, खालून अर्धा तास बघितली आणि हात पुसत दादाला म्हणाला, "मालक, गाडी वाईट न्हाय. गाडी श्रीमंताची हाय. किंमत उतरली, भूक न्हाय उतरली." गिअरबॉक्स उघडायचा तर किती, हे त्याने सांगितलं. गाडीच्या निम्म्या किमतीएवढा तो आकडा होता.

तेव्हा दादाने गाडी विकायला काढली. जाहिरात लिहायला मला सांगितली. "तुझं लिहिलेलं लोक वाचतात."

"सगळं लिहीन," मी म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

"मिस्त्रीने सांगितलेलं सगळं."

मी लिहिलं. आकडे घालून अकरा दोष, एकेका ओळीत एकेक. चौथा गिअरबॉक्सचा: दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देतो, कधीही बंद पडेल. दादाने वाचून कागद माझ्या अंगावर टाकला आणि गाडी धुऊन, फोटो काढून, 'एकहाती, टकाटक' असं लिहून मोकळा झाला.

नातेपुत्याकडचे एक गुरुजी बायकोला घेऊन एसटीने गाडी बघायला आले. मेंढरं राखणाऱ्या घरातले पहिले नोकरदार. दादाने आधीच इंजिन चालू ठेवून गाडी उभी करून ठेवली होती. मी चहा दिला आणि कपाबरोबर तो कागदही दिला.

"आधी हे वाचा," मी म्हणाले. दादाने ओठ आवळले.

गुरुजींनी खिशातला पेन काढला. पेपर तपासावा तशी एकेका ओळीपुढे खूण करत ते खाली आले. मग परत वर गेले.

"चार नंबर. म्हंजे गिअर झटका देतोय?"

"देतोय. दुरुस्तीचा खर्च तुम्हाला झेपणार नाही. आम्हालाच झेपला नाही."

त्यांची बायको म्हणाली, "अवो, ताई घरच्या असून सांगत्यात. ऐका की."

"ऐकतोय की. म्हणून तर बसलोय." ते माझ्याकडे वळले. "ताई, मी सहा गाड्या बघितल्या. सगळ्या टकाटक म्हणं. अकरा दोष सांगणारी ही पहिलीच. हितं फसवणूक न्हाय."

"फसवणूक नाही, पण गाडी वाईट आहे."

"व्हय. पण माणसं चांगली हायत." मग पेन खिशाला लावत म्हणाले, "आमचं म्हातारं जन्मभर मेंढरं रस्त्याकडंला घेत आलं, असल्या गाड्यांना वाट द्यायला. त्याला एकदा हिच्यात बसवायचंय. पुढचं पुढं."

खरं कळलं नाही म्हणून माणूस फसतो, एवढंच मी पत्रकांतून शिकले होते. इथे माणसाला सगळं कळलं होतं, आणि त्याने विसाराचे पैसे दादाच्या हातात ठेवले.

संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला. "तुझ्यामुळे गेली बघ. आता प्लॉटच्या पण अशाच याद्या लिहून दे." मी पेढा घेतला नाही. त्याने तो हसत स्वतःच खाल्ला.

सात महिन्यांनी गुरुजींचा फोन आला, दादाला नाही, मला. आवाजात तक्रार नव्हती. पाढे म्हणून दाखवावेत तसं सांगत होते. "ताई, दिवाळीत सातवा दोष आला. मग दुसरा. आता चौथा आला बघा. गाडी मेंढरांच्या जाळीशेजारी उभी हाय, हलत न्हाय. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज घेतलंय, हप्ता चालू हाय."

मी म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय."

"तुमचं काय चुकलं? तुमी लिवलं हुतं की. म्हातारं बसलं, लई खूश झालं." मग ते मुद्द्यावर आले. "आता इकायची हाय. तुमी तसाच कागद करून द्या. बारावा दोष पण निघालाय, तोबी घाला. तुमचं वाचून माणसाचा इश्वास बसतोय."

मी नाही म्हणाले. समजावायला लागले. माझा कागद वाचून आणखी कुणीतरी ती गाडी घेईल, मग त्याचंही हेच होईल, आपण कुठेतरी थांबवायला हवं. बोलताना मला माझा आवाज सभेतल्यासारखा ऐकू येत होता.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "भावासाठी लिवलं हुतं की, ताई," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो.

मी म्हणाले, "पाठवते लिहून."

त्यानंतर त्यांचे तीन मेसेज आले. तिन्हींच्या शेवटी एकच ओळ आहे: सवडीने पाठवा ताई, घाई नाही. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही.