तेरावं नाव

त्या रविवारी एडिसनजवळच्या मैदानावर आमचे बाराच खेळाडू आले. तेरा झाल्याशिवाय हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या या आयरिश खेळाचा, सामना सुरू होत नाही. या मोसमात दोनदा आम्ही असाच सामना सोडला होता. तिसऱ्यांदा तसं झालं की क्लब लीगमधून बाद. आयर्लंडहून येणारी पोरं कमी झालेली, व्हिसा मिळत नाही म्हणतात. सकाळपासून मी फोन लावत होतो, तेरावा कोणी मिळेना.

बावीस वर्षं मी या क्लबचा सेक्रेटरी. खडकीला नववीत शाळा सुटली आणि पुढे इथे हॉटेलात भांडी घासायला आलो. तिथल्या आयरिश आचाऱ्यानं राहायला खोली दिली आणि हातात हर्ली, म्हणजे या खेळाची रुंद पात्याची काठी. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काकाच म्हणतो. मी हॉकीवाला, चेंडूला हात लागला की फाऊल, हे अंगात मुरलेलं. इथे तो झेलायचा असतो, आणि मी हात मागे घ्यायचो. काका ओरडायचे, "अरे, देवानं हात काय फक्त बशा धुवायला दिलेत?"

आता ऐंशी ओलांडलेले काका लाइनीजवळ खुर्चीत बसले होते. म्हणाले, "तू आहेस की तेरावा. घाल नाव."

"काका, हा गुडघा... एकसष्टावं लागलंय मला."

"गोलमध्ये उभा राहा. चेंडू तुझ्यावर आदळला तरी पुरे."

यादीत तेरावं नाव मी माझं लिहिलं. खाली सेक्रेटरीची सही असते: वरील सर्वांची यंदाची नोंदणी झालेली आहे. तिथे पेन अडलं. जानेवारीत एकेकाच्या मागे लागून मीच सगळ्यांची नोंदणी केली होती. माझी सोडून. आपण आता कुठले खेळतोय, म्हणून.

कोणी तपासलं नसतं. बावीस वर्षं कोणी तपासलंच नव्हतं. नववीतून सुटलेल्या माणसाची सही या लोकांना पुरत आली होती.

"माझी नोंदणी नाही," मी रेफ्रीला म्हणालो. सही न करताच यादी त्याच्या हातात दिली. त्यानं यादी परत दिली. वॉकओव्हर.

समोरचा कॅप्टन म्हणाला, "आलोच आहोत, तर फ्रेंडली खेळू या."

मी काकांपाशी गेलो. "काका, क्लब घालवला मी."

त्यांनी हातातल्या काठीनं माझ्या पोटरीला टोचलं.

"गोल रिकामा आहे. जा. आणि हात पुढे ठेव."