दहाला पाच कमी

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी सहा : ताप ९९.८. आठला नर्सबाई आल्या, रक्त घेतलं, सलाइन लावलं. दाराच्या कड्या, बटणं औषधाने पुसली. दहाला पाच कमी असताना बर्फ दिला. दहा : ताप ९८.१. दोनला पाच कमी, बर्फ. दोन : ९७.४.

डायरीत एवढं लिहून आईला जरा हायसं वाटलं. मुलाला रक्ताचा कर्करोग. बहिणीच्या मूलपेशी चढवून अकरा दिवस झाले होते, आणि त्या रुजेपर्यंतचं इस्पितळ डॉक्टरांनी घरातच, त्याच्या खोलीत थाटून दिलं होतं. दर चार तासांनी जिभेखाली थर्मामीटर लावायचं काम आईचं. शंभर पॉइंट चारच्या वर गेला, की तडक फोन. पांढऱ्या पेशी शून्याला टेकलेल्या. उशीर म्हणजे जिवाशी गाठ.

चादर सारखी करताना तिचा हात त्याच्या पोटरीला लागला. तव्यासारखी तापली होती.

ती डायरीकडे परतली. तोंड आलंय म्हणून बर्फ मागत होता, खरंय. पण दोन्ही वेळा नेमका पाच मिनिटं आधी? मुलगा घड्याळं दुरुस्त करणारा. वेळ चुकणाऱ्यांतला नव्हे.

"काख दे."

"आत्ताच बघितलास ना?"

"काख दे म्हटलं. घड्याळजी, आईलाच फसवतोस होय रे?"

१०१.६.

"लिहू नकोस, आई. संध्याकाळपर्यंत उतरेल. इस्पितळात माझ्या शेजारच्या दोन खाटा रिकाम्या झालेल्या बघितल्यात मी. तिसरी माझी आहे."

"पन्नास वर्षं लिहितेय, खोटं एकदाही नाही. आज ते माझ्या हाताने तू लिहवून घेतलंस. चार तास गेले रे त्यात."

तिने फोन लावला. वीस मिनिटांत नर्सबाई आल्या, प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन सलाइनमधून दिलं. मागोमाग गाडी आली. आईला सोबत यायची परवानगी नव्हती. स्ट्रेचर दाराबाहेर गेलं तेव्हा त्याने वळून बघितलं नाही.

संध्याकाळी तिने दहाच्या आणि दोनच्या आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं : बर्फाचे दोन्ही ट्रे धुऊन ओट्यावर पालथे घातले.