गुळवेल आणि सात पांढरे सदरे

चौथीत शाळा सुटली, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला अर्धंच कळायचं. साताऱ्याकडून शिलाई मशीन घेऊन बाभुळगावात आलो, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजला. पायडलवर पाय ठेवला की डोळ्यांपुढे अंधारी. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मटण आणि तुरीची डाळ बंद केली. म्हणाले, "रक्तात युरिक ॲसिड वाढलंय."

ॲसिड मला एकच ठाऊक, सोनाराकडचं. तेच अंगातून हिंडतंय असं धरून मी घाबरून बसलो.

त्यात सात पांढरे सदरे शिवायचे होते. वस्तीतलं एक घर रविवारी बौद्ध धम्माची दीक्षा घेणार होतं. गावातल्या दुसऱ्या शिंप्यानं दीक्षेचं ऐकून त्यांचं कापड परत पाठवलं होतं. मी नाही म्हटलं, तर ती माणसं जुन्याच कपड्यांत उभी राहणार.

त्या घरची म्हातारी चौकशीला आली.

"काहून बापू, मशीन बंद?"

"आजी, रक्तात ॲसिड झालंय."

"तेजाब? मंग सदऱ्याले भोकं पाडशीन तू!" ती हसली. मग वाकून अंगठा पाहिला. "माह्या मालकाले असंच होये."

दुसऱ्या दिवशी तिनं पितळी वाटीतून काढा आणला. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा. वाटी उंबऱ्यावर ठेवली.

"आमच्या हातचं चालते का, मले मालूम नाही. घ्याचं त घे."

माझ्या घरी चाललं नसतं. घर दूर होतं, तरी हात क्षणभर थांबलाच. तिनं ते पाहिलं. मला आजही ते आधी आठवतं, कडूपणा नंतर.

प्यालो. नावात गूळ, आणि जीभ अर्धा दिवस कडू.

चार दिवस रोज सकाळी ती काढा घेऊन येत राहिली. पाचव्या दिवशी पाय पायडलवर टेकला. गोळ्यांनी, वेलीनं, की दुखणं आपसूक उतरलं, मी सांगू शकत नाही. हल्ली म्हणे झाडपाल्यातलं नेमकं कोणतं द्रव्य हे ॲसिड उतरवतं, ते शोधतात. शोधोत. माझ्यापुरते ते तिचे उपकार.

शनिवारी सातवा सदरा झाला, आणि ती सदरे न्यायला आली. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. दुकानात खायचं काही नव्हतं. मूठभर पांढरी बटणं वाटीत घातली आणि ती उंबऱ्यावर न ठेवता तिच्या हातात दिली.

"एवढी बटनं कायले रे?"

"तुटली तर लागतील, आजी."

"नाही तुटत," ती म्हणाली आणि वाटी पदराखाली घेतली.